विकेंद्रित डिजिटल प्रमाणपत्रे: रचना आम्ही केली तर पैसे नेमके कशाचे घ्यावेत?

प्रश्न
लेखन: शहापूर_छपाई, बेळगाव

सर्वांना नमस्कार. बेळगावातील शहापूर भागात आमचा छपाई आणि ग्राफिक डिझाइनचा व्यवसाय आहे. लग्नसराईतील पत्रिका सोडल्या तर वर्षभर चालणारे आमचे मुख्य काम प्रमाणपत्रांचे असते. संगणक वर्ग, अबॅकस, कराटे, खानापूर तालुक्यातील भजन आणि वक्तृत्व स्पर्धा, कुस्ती मैदाने, तसेच उद्यमबागेतील कारखान्यांची सुरक्षा प्रशिक्षणे अशा नाना ठिकाणची प्रमाणपत्रे आमच्याकडे छापली जातात. त्यांतील बरीचशी मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा तीन भाषांत करावी लागतात आणि तिन्ही लिप्या एका पानावर नीट बसवणे हेच आमचे खरे कसब आहे, असे मी मानतो.

अलीकडे काही ग्राहकांनी ‘ब्लॉकचेनवरचे प्रमाणपत्र मिळेल का’ अशी विचारणा केली. ब्लॉकचेन म्हणजे अनेक संगणकांवर ठेवलेली, मागाहून बदलता न येणारी सार्वजनिक नोंदवही, एवढे मला कळले आहे. त्याची चौकशी करत असताना एका कंपनीचा प्रस्ताव आमच्याकडे आला. रचना आम्ही करावी, ती कंपनी प्रत्येक प्रमाणपत्र एनएफटी, म्हणजे ब्लॉकचेनवरील एकमेव डिजिटल टोकन, म्हणून मिंट करील (नोंदवून तयार करील), त्यासाठी विद्यार्थ्याकडून शुल्क घेतले जाईल, आणि पुढे त्या टोकनच्या प्रत्येक व्यवहारावर रचनाकार म्हणून आम्हाला मानधन मिळत राहील, असे त्याचे स्वरूप आहे. सुरुवातीला मात्र आम्ही त्यांच्याकडे ठेव भरायची आहे.

माझे प्रश्न असे आहेत. या कामात आमच्यासारख्या छोट्या छापखान्याला प्रामाणिक उत्पन्न आहे का? असल्यास ते रचनेतून येते, टोकनमधून येते की आणखी कशातून? आणि अशा प्रमाणपत्राची रचना करताना कागदावरील रचनेपेक्षा वेगळे काय पाहावे लागते?

उत्तर
लेखन: टिळकवाडीकर, सध्या पुणे

प्रस्तावातील मानधनाच्या कलमापासून सुरुवात करतो, कारण सगळा घोळ तेथेच आहे. एनएफटीवर रचनाकाराला मानधन मिळते ते टोकन एकाने दुसऱ्याला विकल्यावर. कराट्याच्या ब्राउन बेल्टचे प्रमाणपत्र विद्यार्थी कोणाला विकणार? आणि ते विकता येत असेल, तर विकत घेणाऱ्याच्या नावावर तो बेल्ट लागणार का? जे प्रमाणपत्र हस्तांतरित होऊ शकते त्याची प्रमाणपत्र म्हणून किंमत शून्य आहे, आणि जे हस्तांतरित होऊ शकत नाही त्यावर मानधन कधीच मिळणार नाही. ही अडचण ध्यानात आल्यामुळेच इथेरियम या ब्लॉकचेनचे सहसंस्थापक विटालिक ब्युटेरिन आणि त्यांच्या दोन सहलेखकांनी मे २०२२ मध्ये हस्तांतरित न होणाऱ्या, ‘सोलबाउंड’ म्हटल्या जाणाऱ्या टोकनची कल्पना मांडली. कलाकृतींच्या बाजारातही मानधनाची शाश्वती उरलेली नाही. ओपनसी या मोठ्या बाजारपेठेने २०२३ मध्ये ते ऐच्छिक करून टाकले. तेव्हा ठेव भरू नये, हे माझे स्पष्ट मत आहे.

आता मूळ विषयाकडे येतो. डिजिटल प्रमाणपत्राच्या व्यवहारात तीन पक्ष असतात: देणारी संस्था, धारक आणि तपासणारा. संस्था आपल्या खासगी किल्लीने, म्हणजे फक्त तिच्याजवळ असलेल्या गुप्त संख्येने, मजकुरावर डिजिटल सही करते, धारक ती फाइल स्वतःजवळ ठेवतो, आणि तपासणारा संस्थेच्या सार्वजनिक किल्लीने, म्हणजे त्या संख्येच्या सर्वांना खुल्या असलेल्या जोडीदार संख्येने, सही जुळते का ते पाहतो. संस्थेला फोन करावा लागत नाही आणि मधल्या कंपनीची परवानगीही लागत नाही, म्हणून याला विकेंद्रित म्हणतात. यासाठी डब्ल्यूथ्रीसी या वेबमानके ठरवणाऱ्या संस्थेने ‘व्हेरिफायेबल क्रेडेन्शियल्स’ नावाचे मानक २०१९ मध्ये प्रसिद्ध केले, त्याची २.० ही आवृत्ती मे २०२५ मध्ये आली, आणि संस्थेची ओळख दाखवणाऱ्या ‘डीआयडी’ या पत्त्याचे मानक २०२२ मध्ये झाले. आपल्यापैकी बहुतेकांनी हे तंत्र नकळत वापरलेले आहे. कोविन लसीकरणाच्या प्रमाणपत्रावरील क्यूआर कोडमध्ये याच धाटणीचा, सही केलेला मजकूर होता, आणि त्यासाठी ब्लॉकचेन लागली नव्हती.

मग ब्लॉकचेन कशासाठी? एखादा मजकूर अमुक वेळी अस्तित्वात होता आणि त्यानंतर बदललेला नाही, याची सार्वजनिक नोंद ठेवण्यासाठी. अमेरिकेतील एमआयटी या विद्यापीठाने २०१७ मध्ये शंभरावर पदवीधरांना जी डिजिटल पदवी-प्रमाणपत्रे दिली, त्यांच्या ठशांची (ठसा म्हणजे काय ते पुढे सांगतो) नोंद बिटकॉइनच्या साखळीवर, म्हणजे ब्लॉकचेनवर, केली होती. महाराष्ट्रात गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्ली तालुक्यात २०२२ मध्ये सुमारे ६५ हजार जातप्रमाणपत्रांच्या पडताळणीसाठी पॉलिगॉन ही साखळी वापरली गेली. अशा कामात प्रत्येक प्रमाणपत्रासाठी वेगळे टोकन मिंट करण्याची गरज नसते. प्रत्येक फाइलचा हॅश, म्हणजे गणिताने काढलेला ठरावीक लांबीचा ठसा, घेतला जातो. दोन-दोन ठसे जोडून त्यांचा नवा ठसा, त्या ठशांचा पुन्हा ठसा, असे करत शेवटी एकच ठसा उरतो आणि तेवढाच साखळीवर लिहिला जातो. त्यामुळे दोन हजार प्रमाणपत्रांच्या तुकडीलाही एकच व्यवहार पुरतो. ‘दर प्रमाणपत्रामागे मिंटिंगचा खर्च’ दाखवून विद्यार्थ्याकडून शुल्क मागणाऱ्याला हा प्रश्न अवश्य विचारावा.

साखळी काय करत नाही, हेही ग्राहकाला आधीच सांगावे. वर्गाला न आलेल्या मुलाला संस्थेने प्रमाणपत्र दिले, तर साखळी ते खोटे प्रमाणपत्रही तितक्याच निष्ठेने जपते. विश्वास संस्थेचा असतो.

रचनेसंबंधी काही गोष्टी. कागदावरचा क्यूआर कोड सोनेरी फॉइलवर किंवा पार्श्वचित्रावर छापू नये. गडद कोड, फिकट जमीन आणि चारही बाजूंनी कोडमधील चार चौकोनांइतकी कोरी जागा हे किमान पथ्य आहे. क्यूआर कोडला चुका सहन करण्याच्या चार पातळ्या असतात, सुमारे ७, १५, २५ आणि ३० टक्के. घडी पडणाऱ्या किंवा लॅमिनेशनची चमक येणाऱ्या कागदासाठी वरच्या पातळ्या बऱ्या, पण पातळी वाढवली की कोड दाट होतो. सही केलेला सगळा मजकूर कोडमध्ये भरला तर तो इतका दाट होतो की स्वस्त मोबाइलला वाचणे जड जाते. फक्त दुवा भरला तर कोड सुटसुटीत राहतो, पण मग तो दुवा कायम जिवंत ठेवण्याची जबाबदारी कोणाची, हे ठरवावे लागते. माझ्या मते स्पर्धेच्या प्रमाणपत्राला दुवा पुरेसा आहे. कामगाराच्या कौशल्य प्रमाणपत्रात मात्र मजकूरच असावा, कारण कारखान्याच्या फाटकावर नेटवर्क असेलच असे नाही.

कन्नडमध्ये जोडाक्षराचा दुसरा भाग ओळीखाली उतरतो, त्यामुळे देवनागरीच्या मापाने सोडलेले ओळींतील अंतर कन्नडला अपुरे पडते, हे आपल्याला मी सांगण्याची गरज नाही. बेंगळुरू-पुण्यातल्या तयार टेम्प्लेटमध्ये नेमके तेथेच हसे होते. त्या टेम्प्लेटवाल्यांपेक्षा आपण पुढे आहात ते याच ठिकाणी.

उत्तर
लेखन: निपाणी_करसल्लागार

करापुरते लिहितो. एनएफटी ही प्राप्तिकराच्या भाषेत आभासी डिजिटल मालमत्ता आहे. तिच्या हस्तांतरणातील नफ्यावर १ एप्रिल २०२२ पासून ३० टक्के दराने कर लागतो, त्यावर उपकर वेगळा. खरेदीची किंमत वगळता दुसरा कोणताही खर्च वजा होत नाही आणि झालेला तोटा अन्य उत्पन्नातून वळता करता येत नाही. १ जुलै २०२२ पासून अशा व्यवहारांच्या रकमेवर १ टक्का टीडीएसही आहे. याउलट संस्थेसाठी रचना केली, यादी तपासली, प्रणाली उभी करून दिली आणि रुपयांत बिल केले, तर ते नेहमीचे व्यावसायिक उत्पन्न असते. त्यातून संगणक, पगार, भाडे हे सर्व वजा होते. एकाच कष्टाचे हे दोन रस्ते असताना टोकनचा रस्ता कोणी का धरावा, हे मला समजत नाही.

जीएसटीबाबत सीमाभागासाठी एक उपयोगी गोष्ट आहे. केवळ सेवा देणाऱ्याची एकूण वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांच्या आत असेल, तर चंदगड किंवा कागलच्या, म्हणजे महाराष्ट्रातील, ग्राहकाला सेवा दिल्यानेही नोंदणी सक्तीची होत नाही. आपली छपाईची उलाढाल मात्र याच आकड्यात धरली जाईल, आणि छापील माल सीमेपलीकडे पाठवला तर नियम वेगळे लागू होतात. नोंदणी आधीच असेल तर हा प्रश्न उरत नाही. १८ टक्के लावून बिल करावे. ग्राहकाने क्रिप्टोत पैसे देऊ केल्यास नम्रपणे नकार द्यावा.

उत्तर
लेखन: मच्छे_गुणवत्ता

मी औद्योगिक वसाहतीतील एका फाउंड्रीत (ओतकामाच्या कारखान्यात) गुणवत्ता विभाग सांभाळतो आणि भरतीच्या वेळी कौशल्यचाचणीला बसतो. म्हणजे प्रमाणपत्र तपासणाऱ्याच्या आणि देणाऱ्याच्या अशा दोन्ही खुर्च्यांवरून हा विषय मला दिसतो.

भरतीच्या वेळी वेल्डर, मोल्डर, सीएनसी चालवणारे तरुण खासगी संस्थांची प्रमाणपत्रे घेऊन येतात. काही बेळगावची, काही शिनोळीकडच्या कारखान्यांतून मिळालेली, काही कोल्हापूरची. त्यांवरचा शिक्का खरा आहे की झेरॉक्सच्या दुकानात तयार झाला, हे ठरवायला आमच्याकडे वेळ नसतो, म्हणून सर्वांची चाचणी पुन्हा घेतो. सही तपासता येणारे प्रमाणपत्र आले तरी चाचणी आम्ही घेऊच. मात्र अनुभवाचा कालावधी आणि सुरक्षा प्रशिक्षण झाल्याची तारीख यांवर विश्वास ठेवता आला, तर कामगाराला पुन्हा तेच प्रशिक्षण द्यावे लागणार नाही. त्यात आमचा पैसा वाचतो, आणि ज्याचा पैसा वाचतो त्याच्याकडूनच तो मागावा, हा साधा व्यवहार आहे. विद्यार्थ्याकडून मागण्याचे कारण नाही.

आपण ज्या बाजाराचा उल्लेख केलेला नाही तो मला अधिक मोठा वाटतो. आम्ही पाठवतो त्या प्रत्येक कास्टिंगच्या (ओतीव भागांच्या) खेपेसोबत टेस्ट सर्टिफिकेट जाते. व्हॉल्व्ह आणि पंप बनवणारे ग्राहक बहुधा ईएन १०२०४ या युरोपीय मानकातील ३.१ प्रकारचे मागतात. त्यात हीट नंबर (धातूच्या एका वितळणीचा क्रमांक), रासायनिक घटक, ताणचाचणीचे आकडे असतात आणि उत्पादन विभागापासून स्वतंत्र असलेल्या अधिकृत तपासनिसाची सही असते. आज हे पीडीएफ स्वरूपात मेलने जाते. मधल्या व्यापाऱ्याने हीट नंबर बदलला किंवा एका खेपेचे सर्टिफिकेट दुसऱ्या खेपेला लावले, तर मूळ कारखान्याला पत्ताच लागत नाही. बदललेला एक आकडाही पकडता येईल असे सर्टिफिकेट आणि त्या खेपेच्या लेबलवर छापलेला क्यूआर कोड यांची येथे खरी गरज आहे. लेबल छापणे हे तर आपले रोजचे काम आहे. एका खेपेचे सर्टिफिकेट दुसऱ्या खेपेला लावण्याची चलाखी मात्र एकट्या सहीने थांबणार नाही. त्यासाठी हीट नंबर कास्टिंगवर ओतीव किंवा पंच केलेला हवा आणि तोच सर्टिफिकेटमध्ये हवा.

एक इशारा देतो. स्वतः तयार केलेल्या किल्लीने केलेल्या सहीला माहिती तंत्रज्ञान कायदा २००० नुसार परवानाप्राप्त प्रमाणन संस्थेच्या डिजिटल सहीचा दर्जा आपोआप मिळत नाही. जेथे वाद न्यायालयापर्यंत जाऊ शकतो तेथे आम्ही आमच्या अधिकाऱ्याच्या डोंगलवरील (यूएसबी उपकरणातील) डीएससी, म्हणजे अशा परवानाप्राप्त संस्थेने दिलेले डिजिटल सहीचे प्रमाणपत्र, वापरतो आणि साखळीवरची नोंद हा जोडपुरावा मानतो. ग्राहकाला विकताना ‘कायदेशीर’, ‘सरकारमान्य’ असे शब्द माहितीपत्रकात घालू नयेत.

उत्तर
लेखन: खानापूर_शिक्षक

माझा आक्षेप मुलांच्या नावांबद्दल आहे. अबॅकस आणि वक्तृत्वाची प्रमाणपत्रे घेणारी मुले अठरा वर्षांखालील असतात, आणि २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने त्यांची माहिती हाताळण्यासाठी पालकांची पडताळता येण्याजोगी संमती आवश्यक ठरवली आहे. त्याच कायद्यात माहिती पुसून टाकण्याची मागणी करण्याचा हक्क आहे. साखळीवर एकदा लिहिलेले तर पुसता येत नाही. मग हे जमावे कसे? शिवाय दहावी-बारावीच्या गुणपत्रिका आणि पदव्या डिजिलॉकरमध्ये मिळत असताना हा नवा खर्च छोट्या संस्थांच्या माथी का मारावा, हेही कोणी सांगावे. आमच्या गावातील पालकांना भिंतीवर लावण्यासाठी चौकटीतले जाड कागदाचे प्रमाणपत्रच हवे असते.

उत्तर
लेखन: टिळकवाडीकर

शिक्षकांचा आक्षेप रास्त आहे. साखळीवर नाव, जन्मतारीख, छायाचित्र यांपैकी काहीही जाता कामा नये. फक्त ठसा जावा. तेवढ्यानेही भागत नाही. नाव आणि जन्मतारीख एवढ्याचाच ठसा काढला, तर शाळेची यादी हाती असलेला कोणीही एकेक नाव घालून पाहून तो ओळखू शकतो. म्हणून प्रत्येक प्रमाणपत्रात एक लांब, यादृच्छिक संख्या मिसळून मगच ठसा काढावा. पुढे पालकांनी मागणी केल्यास संस्थेने मूळ फाइल आणि ती संख्या नष्ट करावी. मग साखळीवर उरलेल्या ठशावरून त्या मुलाचा माग काढता येत नाही. हे पालकांना संमतीपत्रातच मराठीत आणि कन्नडमध्ये समजावून द्यावे.

डिजिलॉकरबद्दलही सहमत आहे. पदव्या आणि गुणपत्रिका हे आपले क्षेत्रच नाही आणि तेथे शिरू नये. भजन स्पर्धेच्या प्रमाणपत्रालाही साखळीची गरज नाही, एक साधे पडताळणीचे वेबपान पुरे. जाड कागद तर राहणारच आहे. तो छापूनच हा व्यवसाय उभा आहे.

पुनर्प्रश्न
लेखन: शहापूर_छपाई

सर्वांचे आभार. ठेव भरण्याचा विचार सोडला आहे आणि कास्टिंगच्या लेबलांविषयी एका कारखान्याशी बोलणी सुरू केली आहेत. दोन शंका राहिल्या. पहिली अशी की आमच्याकडे नावांच्या याद्या जुन्या श्रीलिपीत किंवा कन्नड नुडीत, म्हणजे युनिकोड नसलेल्या जुन्या टंकांत, टंकलेल्या येतात. त्या तशाच चालतील का? दुसरी, अनेक संस्था सही करण्याची किल्लीही आम्हीच सांभाळावी असे म्हणतात, कारण त्यांच्याकडे संगणक जाणणारे कोणी नसते. त्याचे वेगळे पैसे घेता येतील का?

उत्तर
लेखन: टिळकवाडीकर

किल्लीचा विषय आधी. ती आपल्याजवळ ठेवू नये, कितीही पैसे मिळत असले तरी. ज्याच्या हाती किल्ली तोच प्रमाणपत्र देणारा. उद्या एखादे खोटे प्रमाणपत्र निघाले तर संस्था हात वर करील आणि छापखान्याकडे बोट दाखवील, आणि सही आपल्याच संगणकावरून झालेली असल्याने आपल्याला काहीही सिद्ध करता येणार नाही. किल्ली संस्थेच्या सचिवाच्या कपाटातील एका यूएसबी उपकरणात असावी, तिची एक प्रत दुसऱ्या पदाधिकाऱ्याकडे असावी, आणि आपण वर्षातून दोन-तीनदा जाऊन त्यांच्या उपस्थितीत तुकडीवर सही करून द्यावी. त्या भेटीचे पैसे अवश्य घ्यावेत.

याद्यांचा विषय मात्र गंभीर आहे. श्रीलिपी किंवा जुनी नुडी यांतील मजकूर प्रथम युनिकोडमध्ये, म्हणजे अक्षरांना जगभर सारखे संकेत देणाऱ्या पद्धतीत, आणावा लागतो, आणि तेवढ्यावरही थांबता येत नाही. ‘कुऱ्हाडे’ हे आडनाव घ्या. त्यातील ऱ हे अक्षर एकाच संकेताने लिहिता येते, साध्या र ला खाली नुक्ता (टिंब) जोडून लिहिता येते, किंवा र, हलन्त आणि एक न दिसणारे जोडचिन्ह वापरूनही तीच अक्षराकृती मिळवता येते. पडद्यावर आणि कागदावर तिन्ही सारखेच दिसतात, पण तिघांचे ठसे पूर्णपणे वेगळे निघतात. पहिल्या दोन पद्धती ‘एनएफसी’ या युनिकोड सामान्यीकरणाने एकरूप होतात. तिसरी होत नाही, ती स्वतंत्रपणे शोधून बदलावी लागते. मजकूर ठरावीक क्रमात मांडणारे जेसीएससारखे मानकही अक्षरांचे हे रूपांतर करत नाही. म्हणून यादी आली की आधी सर्व नावे एका रूपात आणावीत, मग त्यांवरून छपाईची आणि सहीची फाइल एकाच वेळी तयार करावी. कोरल ड्रॉमध्ये ऐन वेळी हाताने केलेली दुरुस्ती सहीच्या फाइलमध्ये उतरत नाही आणि कागद एक सांगतो, क्यूआर दुसरे, अशी स्थिती होते.

यातूनच दराची मांडणी सुचते. रचनेचे एकदाच, प्रणाली उभारण्याचे एकदाच, यादीतील प्रत्येक नावाच्या शुद्धीकरणाचे दर नावाप्रमाणे, आणि पडताळणीचे पान व डोमेन चालू ठेवण्याचे दरवर्षी, असे चार वेगळे आकडे बिलात दाखवावेत. समजा एका संस्थेची ४०० नावे तीन लिप्यांत आहेत, तर ती १,२०० नावे झाली. तपासणीचा खरा वेळ तेथे जातो आणि त्याचे पैसे मागायला संकोच करू नये. वार्षिक रक्कम पाच वर्षांची एकदम घेतलेली बरी, कारण संस्था बदलतात, कार्यकारिणी बदलते आणि डोमेनचे नूतनीकरण राहून जाते. डोमेन गेले की त्यावर बेतलेला संस्थेचा डीआयडी पत्ता बंद पडतो आणि चांगली सही असूनही पडताळणी होत नाही.

करारात आणखी एक कलम घालावे. सहीपूर्वी नावांची छापील यादी संस्थेकडे पाठवून तिच्यावर पदाधिकाऱ्याची शाईची सही घ्यावी. तोपर्यंतच्या दुरुस्त्या विनामूल्य कराव्यात. सही झाल्यानंतर एक मात्रा जरी चुकली असली, तरी जुने प्रमाणपत्र रद्द झाल्याची नोंद करून नवे द्यावे लागते, त्यामुळे त्या दुरुस्तीचा दर आधीच लिहून ठेवावा आणि रद्द झालेल्या प्रमाणपत्रांची यादी कोण अद्ययावत ठेवणार, हेही त्याच कलमात नमूद करावे.